हा महारोग नव्हे : सोरायसिस आणि आपण



या पानावर आम्ही एरवी लागणीविषयी, खोडव्याविषयी, पाण्याच्या पाळ्यांविषयी लिहितो. बेण्यावर रोग दिसला तर काय करावे, पाचट जाळावे की कुजवावे, अशा गोष्टी आपण इथे अनेकदा बोललो आहोत. आज मात्र उसाच्या नव्हे, तर ऊस पिकवणाऱ्या माणसाच्या कातडीविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. त्या वाचून आपण अंमळ विचार करावा, एवढीच विनंती.

मागल्या वार्षिक सभेची गोष्ट. सभा आटोपली, पंगती बसल्या. मलकापूर तालुक्यातले आपले एक जुने सभासद लिंबाखाली एकटेच उभे होते. उकाडा मनस्वी, तरी अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा सदरा, डोक्याला घट्ट फडके. हातात घरून आणलेला डबा. आम्ही त्यांना पंगतीला चला म्हटले. ते म्हणाले, "कायले उगीच? मी बसलो का बाजूचे उठतेत. त्यापेक्षा मीच बसत नाही."

आम्ही म्हटले, "असे कोण उठते? आपली माणसे आहेत."

तेव्हा ते हसून म्हणाले, "आपलीच त हायेत. दोन वर्षांमागं साखरेचं कार्ड तुम्ही मह्या हातात नाही देलं, टेबलावर सरकवलं. तुमच्या ध्यानात नसन, मह्या हाये."

आमच्या ध्यानात खरेच नव्हते. पण ते खोटे बोलणारे गृहस्थ नव्हेत. त्यांच्या कोपरावरच्या खपल्या पाहून आमचा हात मागे गेला असणार. हा लेख त्या सरकवलेल्या कार्डामुळे लिहीत आहोत, हे आधीच कबूल करतो.

त्यांना सोरायसिस आहे. नाव आम्ही छापत नाही, त्यांचीही तशीच इच्छा आहे. मात्र त्यांनी सांगितलेले छापा, असे ते म्हणाले.

दुखणे कसे सुरू झाले

पहिल्यांदा कोपरावर रुपयाएवढा लाल चट्टा उठला. वर चांदीसारखी पांढरी खपली. खाजवले की कोंडा पडे. नायटा असेल म्हणून मेडिकलमधून मलमाची नळी आणली. लावली की चट्टा निवे, सोडली की दुप्पट होऊन परत येई. मग गुडघे, मग पाठ, मग डोके. अंथरूण झाडले की खपल्यांचा भुगा पडे. घरची मंडळी काही बोलली नाहीत, पण त्यांची चादर वेगळी धुतली जाऊ लागली. पुढे चहाचा कप वेगळा झाला. न्हाव्याने एक दिवस "आज गर्दी हाये, मंग या" म्हटले. तो मंग काही आलाच नाही. ते घरीच दाढी करू लागले.

एका जाणत्याने कागदावर 'कुष्ठ' असे लिहून दिले. तो कागद घरातल्या कोणीतरी वाचला आणि दोन दिवसांत गावभर झाला. त्याच साली मोठ्या मुलीचे जवळजवळ ठरलेले लग्न मोडले. कारण कोणी सांगितले नाही. "सांगाची गरजच नव्हती," ते म्हणाले. "पोरीनं मले कधी बोल लावला नाही. लावला असता त बरं झालं असतं."

एका शब्दाचा घोटाळा

आता त्या 'कुष्ठ' शब्दाचे पाहू. आयुर्वेदात कुष्ठ हा शब्द फार मोठ्या अर्थाने येतो. तेथे कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत. सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. त्यांत कातडीचे कितीतरी साधे विकार येतात. आजचे वैद्य सोरायसिसची तुलना बहुधा त्यांतल्या एककुष्ठाशी किंवा किटिभाशी करतात. म्हणजे वैद्याच्या कागदावरचे कुष्ठ आणि गावाच्या तोंडचा महारोग या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कागद लिहिणाऱ्याची चूक नसेलही. पण वाचणाऱ्याने घोटाळा केला आणि त्याची किंमत एका मुलीने मोजली.

हा घोटाळा आपल्याच गावात होतो असे नाही. युरोपातही शेकडो वर्षे सोरायसिस आणि महारोग एकाच माळेत ओवले जात. व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ फेर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ साली या दोन रोगांची फारकत स्पष्टपणे मांडली. त्याला आता पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली. शास्त्राने केव्हाच निकाल दिला, पण तो आपल्या पंगतीपर्यंत अजून पोचलेला नाही.

मग हा रोग आहे तरी काय?

आपल्या कातडीच्या पेशी खालच्या थरात तयार होतात आणि हळूहळू वर येऊन झडतात. निरोगी माणसात या प्रवासाला साधारण महिनाभर लागतो. सोरायसिसमध्ये शरीराची संरक्षण-यंत्रणा बिघडते. बाहेरचा शत्रू नसताना ती हल्ल्याची हाकाटी पिटते. त्यामुळे पेशी तीन ते पाच दिवसांतच वर येऊ लागतात. जुन्या झडायच्या आत नव्या येऊन बसतात. त्यांचाच थर साचून खपली होते, आणि खाली रक्तपुरवठा वाढल्याने लाली दिसते.

यात जंतू नाही. जंतूच नाही तर लागण कोठून होणार? हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने, एका खाटेवर झोपल्याने, एकाच वस्तऱ्याने हा रोग दुसऱ्याला होत नाही. (वस्तरा प्रत्येकाला स्वच्छ हवाच, पण त्याची कारणे वेगळी.) नवराबायकोच्या संबंधानेही तो होत नाही. त्याचा धागा काही अंशी आनुवंशिक आहे, हे खरे. तरीही आईबापांपैकी एकाला असला, तर बहुतेक मुलांना तो होत नाही. ज्यांना होतो त्यांचाही संसार, शेती, नोकरी सर्व काही होऊ शकते.

जगात किमान दहा कोटी माणसांना हा विकार असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालच्या अहवालात म्हटले आहे. त्याआधी मे २०१४ मध्ये जागतिक आरोग्य सभेने या रोगावर खास ठराव केला होता. त्यात सोरायसिस दीर्घकाळ टिकणारा, वेदना देणारा, असंसर्गजन्य रोग असल्याचे नोंदले गेले आणि रुग्णांना सहन कराव्या लागणाऱ्या भेदभावाकडे सरकारांचे लक्ष वेधले गेले. दरवर्षी २९ ऑक्टोबर हा दिवस जगभर सोरायसिस दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे तेव्हा गळिताची तयारी सुरू असते.

आणि महारोग असला तरी?

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. "हा महारोग नव्हे" असे आम्ही म्हणतो, त्याचा अर्थ महारोग्याला दूर लोटावे असा मुळीच नाही. महारोगाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श कळत नाही, ही त्याची मोठी खूण. सोरायसिसच्या चट्ट्याला खाज सुटते, आग होते, स्पर्श कळतो. शंका आली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. महारोगावरची बहुविध औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने ते वर्षभरात माणूस बरा होतो.

आपल्या विदर्भाला तर या बाबतीत अभिमान वाटावा असा वारसा आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ साली विनोबांच्या प्रेरणेने कुष्ठधाम सुरू केले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवन उभे केले. १९४९ साली बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली, आणि वरोऱ्याजवळ आनंदवन फुलले. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढले, त्यांनीच तेथे शेते पिकवली. कायदाही उशिरा का होईना बदलला. महारोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून हिंदू विवाह कायद्यात होते, ते २०१९ साली काढून टाकण्यात आले. मलकापूरहून रेल्वेने अमरावती काही फार दूर नाही. आपल्या शेजारी इतके मोठे काम झाले असताना आपण कप वेगळा ठेवावा, हे शोभत नाही.

उसाचा फड आणि ही कातडी

आता आपल्या धंद्याचे बोलू. उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते, हे आपणांस सांगायला नको. वाढे बांधताना, पाचट ओढताना, मोळी खांद्यावर घेताना हातांवर, मानेवर बारीक ओरखडे उठतात. आपण थुंकी लावून पुढे जातो. सोरायसिसच्या माणसाला मात्र ओरखडा उठला त्या जागीच काही दिवसांनी नवा चट्टा येऊ शकतो. हाइनरिश क्योब्नर या जर्मन डॉक्टरने १८७० च्या दशकात ही गोष्ट नोंदवली आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आपले सभासद म्हणाले, "तोडणीच्या महिन्यात जिथं पातं लागे, तिथं चट्टा. मले वाटे, ऊसच मह्या जिवावर उठला." ऊस उठला नव्हता. पण कारण कळले असते, तर जुन्या सदऱ्याच्या बाह्या आणि हातमोजे त्यांनी दहा वर्षांपूर्वीच वापरले असते.

गळिताचा हंगाम थंडीत येतो. कोरडी हवा, फुटलेली कातडी. बहुतेकांचा विकार याच दिवसांत वाढतो. म्हणजे काम सर्वांत जास्त तेव्हाच दुखणे सर्वांत जास्त. सकाळचे कोवळे ऊन पुष्कळांना मानवते. आपल्याकडचे वैशाखातले ऊन मात्र कातडी भाजते, आणि भाजलेल्या जागी पुन्हा चट्टा येतो.

याहून गंभीर गोष्ट सांध्यांची. सोरायसिसच्या सुमारे तिघा-चौघांत एकाला पुढे सांधेदुखी जडू शकते. सकाळी उठल्यावर बोटे आखडलेली, एखादे बोट पूर्ण सुजलेले, टाच दुखते, कंबर धरते, नखांवर सुईने टोचल्यासारखे खळगे. अशी लक्षणे दिसली तर वात आहे, वय झाले, असे म्हणून बसू नये. वेळीच औषध घेतले नाही तर सांधे कायमचे वाकडे होतात. कोयता, विळा, चाक धरणाऱ्या माणसाचे हात गेले म्हणजे काय होते, हे आम्ही सांगावयास नको. इंग्लंडमधले नाटककार डेनिस पॉटर यांना हा रोग होता. बोटे इतकी वाकडी झाली की लेखणी मुठीला बांधून त्यांनी लिखाण केले. लेखणी बांधता येते, पण कोयता बांधून ऊस तुटत नाही.

पैशाचाही हिशोब आहे. तालुक्याला, जिल्ह्याला खेपा, बुडालेली मजुरी, दर आठवड्याला नवी नळी. आपले सभासद एका हंगामात टोळीला ऊस दाखवायलाही फडात गेले नाहीत. टोळीतल्या बायांनी त्यांच्या घागरीतले पाणी प्यायला नकार दिला होता. त्यांनी ऊस मुकादमावर सोडला. बुडखे हात-हात उंच राहिले, वजन गेले, खोडवा बिघडला. कातडीचा रोग असा उताऱ्यापर्यंत येतो.

मनाचे ओझे

खाजेने रात्री झोप लागत नाही. झोप नाही म्हणून चिडचिड. चिडचिड म्हणून घरात भांडण. भांडण म्हणून ताण, आणि ताणाने विकार आणखी उसळतो. हे रहाट गाडगे आहे. त्यात कोणी दारू जवळ केली तर दारूनेही रोग वाढतो, औषधही नीट चालत नाही. तंबाखू-विडीचेही तसेच.

या लोकांत उदासपणा इतरांपेक्षा अधिक आढळतो, असे डॉक्टर सांगतात. त्याचे कारण नुसती खाज नव्हे. कोणी बाजूला सरकले, कोणी कार्ड सरकवले, हे रोज मोजत राहण्याने माणूस आतून खचतो. अमेरिकेतले नामवंत कादंबरीकार जॉन अपडाइक यांना लहानपणापासून हा विकार होता. लोकांसमोर अंग दाखवावे लागणार नाही असा धंदा म्हणूनही आपण लेखक झालो, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर लिंबाखाली डबा घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याची काय कथा?

बायकांचे तर याहून अवघड. पुरुष निदान बाहेर जाऊन येतो. सुनेच्या हातावर चट्टा उठला की स्वयंपाकघर बंद, हळदीकुंकू बंद, माहेरची वाट मोकळी. पुष्कळजणी म्हणून चट्टा लपवतात, दवाखान्यात जात नाहीत, आणि रोग अंगभर झाल्यावर उघड होतो. घरातल्या जाणत्या बायांनी, विशेषतः सासूबाईंनी, इथे पुढाकार घ्यावा.

उपचाराविषयी

हा रोग समूळ नाहीसा करणारे औषध अजून नाही. जो कोणी पाटी लावून "महिनाभरात कायमचा बरा" म्हणतो, त्याच्यापासून सावध राहावे. पण रोग ताब्यात ठेवता येतो, कातडी महिनोन्महिने साफ राहू शकते, हे तितकेच खरे. मधुमेहाचे आपण जसे करतो, तसे याचे करावे लागते.

पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. कोमट पाण्याने आंघोळ करून अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधे व्हॅसलिन लावावे. दगडाने, घासणीने खपल्या खरवडू नयेत. रॉकेल, जळके ऑईल, बॅटरीचे पाणी असले काही चुकूनही लावू नये.

२. दुकानातून आपल्या मनाने स्टेरॉईडची नळी आणून वर्षानुवर्षे चोळू नये. कातडी पातळ होते. स्टेरॉईडच्या गोळ्या किंवा इंजेक्शने तर त्याहून धोक्याची. ती एकदम थांबली की रोग भयंकर उसळू शकतो. नाव नसलेल्या पुड्यांतही स्टेरॉईड मिसळलेले असू शकते.

३. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी यावर पुष्कळदा देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्यास जिवावर बेतते. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करावी, मधून मधून रक्त तपासावे, दारू बंद ठेवावी. मूल होऊ द्यायचे असेल तर नवरा-बायको दोघांनीही आधी डॉक्टरांना सांगावे. हे ज्या घराण्यातले औषध, त्यावरील संशोधन अमेरिकेत करणाऱ्या तुकडीचे प्रमुख आपले आंध्रातले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. त्या घराण्यातल्या औषधाने सोरायसिसचे चट्टे निवळतात, हे १९५१ साली प्रथम नोंदले गेले.

४. दवाखान्यात प्रकाशकिरणांचा उपचारही असतो. त्याहून नवी इंजेक्शने निघाली आहेत, ती महाग आहेत. आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवावे. तेथून गरज पडल्यास अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जावे.

५. दुसऱ्या कोणत्याही आजारासाठी डॉक्टरकडे गेलात तरी सोरायसिस असल्याचे सांगावे. काही औषधांनी तो वाढतो. सर्व अंग लाल होऊन थंडी वाजू लागली, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आपण काय करावे

सभासदांपैकी ज्यांना हा विकार आहे त्यांनी लपवू नये. ज्यांना नाही त्यांनी विचारायला लाजू नये, पण टोचून विचारू नये. तोडणीच्या दिवसांत अशा माणसाने फडात शिरण्याऐवजी काट्यावर, पाण्यावर, हिशोबावर राहावे आणि घरच्या दुसऱ्याने फडात जावे, अशी वाटणी करता येते. आपल्या गटाच्या कर्मचाऱ्यांनीही टोळीला आणि मुकादमाला दोन शब्द समजावून सांगावेत. गावच्या न्हाव्याला सांगावे. सोयरीक जुळवताना कोणी कुजबुज केली, तर जाणत्याने तिथल्या तिथे सांगावे की हा लागणारा रोग नव्हे.

आपली संस्था सहकारी आहे. सहकार म्हणजे एकाच्या शेअरवर दुसऱ्याचा विश्वास. ज्याच्या उसाची साखर आपण खातो, त्याच्या शेजारी बसून जेवायला आपण कचरलो, तर त्या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

आमच्या त्या सभासदांची गोष्ट पुढे सांगायची तर, ते आता त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे जातात. चट्टे बरेच निवले आहेत, गेले नाहीत. धाकट्या मुलीसाठी स्थळे येत आहेत. या वेळी पाहुण्यांना त्यांनी स्वतःच हात दाखवला आणि रोगाचे नाव सांगितले. एक स्थळ परत गेले, एक अजून बोलणी करते आहे.

आम्ही त्यांना म्हटले, यंदाच्या सभेला पंगतीत आमच्या शेजारी बसा. ते म्हणाले, "पाहू." आम्ही जागा धरून ठेवणार आहोत. आणि साखरेचे कार्ड या वेळी हातात देऊ.